बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट आणि चेकमेट: सगळे एकाच घरचे का?

गुळपोळी
नमस्कार मंडळी,
बरेच दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय. 'चेक' हा शब्द आपण उठता-बसता वापरतो. गॅस चेक कर, कडी चेक कर, चेक वटला का, चेक्सचा शर्ट, चेकनाका, तिकीट चेकर, चेकअप, चेकमेट. इंग्रजीत यातल्या काहींचं स्पेलिंग वेगळं, आणि अर्थ तर पार चार दिशांना. कुठे तपासणं, कुठे अडवणं, कुठे चौकटी, कुठे पैसे.

ऑफिसात डबे खाताना यावरून जुंपली. एकजण म्हणाला, हे वेगवेगळे शब्द आहेत, कानाला सारखे लागतात इतकंच. दुसऱ्याने ठणकावून सांगितलं की बँकेचा चेक अरबी 'सक्क'वरून आला, बाकीच्यांशी त्याचं देणंघेणं नाही. मला वाटतं मूळ एकच असावं, पण वाटण्यापलीकडे माझ्याकडे काही नाही. इथे शब्दांच्या मुळावर उठलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून धागा काढला. व्हा सुरू.

टवाळ
चेक प्रजासत्ताक राहिलं की! प्रागच्या माणसाने चेक्सचा शर्ट घालून चेक दिला, तर तो चेक चेक कोणी करायचा?

बोरकूट
सतरंजी टाकून बसलोय. चालू द्या.

रेवाकाठ
वाचतेय. कापडातल्या चेक्सला आमची आजी 'चौकडा' म्हणायची. चौकड्याचं लुगडं, चौकड्याचा टॉवेल. 'चेक्स' तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

मूळगावकर
गुळपोळी, डब्यावरचा वाद तुम्ही जिंकलात. सगळे एकाच घरचे, आणि ते घर म्हणजे बुद्धिबळाचा पट.

फारसीत राजा म्हणजे शाह. बुद्धिबळ आपल्याकडून इराणात गेलं तेव्हा चतुरंगाचं 'चतरंग' झालं. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला आणि त्यांच्या तोंडी ते 'शतरंज' झालं. राजावर मारा आला की खेळणारा समोरच्याला बजावायचा, "शाह!" म्हणजे बाबा रे, राजा सांभाळ. अरबांकडून खेळ युरोपात पोचला आणि तिथल्या बहुतेकांनी खेळाचं नाव न उचलता हा ओरडाच उचलला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचं झालं 'स्काकुस', जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्चेक', आणि अनेकवचन 'एस्चेस'. १०६६ नंतर इंग्लंडात नॉर्मन राजे आले, दरबारात फ्रेंच आली, आणि तिच्याबरोबर हे दोन्ही शब्द. एकवचनाचा 'चेक' झाला, अनेकवचनाचा 'चेस'. म्हणजे 'चेस' हे खेळाचं नाव मुळात 'अनेक राजे' असं आहे!

शर्टाची गोष्ट सोपी. पटाला फ्रेंचमध्ये 'एस्चेकिए' म्हणत. त्याचं इंग्रजीत 'चेकर' झालं, पटासारख्या चौकटी असलेलं ते चेकर्ड, आणि ते आखडून 'चेक'. बँकेच्या चेकची वाट जरा वळणाची आहे, रात्री लिहितो.

टवाळ, प्रागवाले या घरचे नाहीत. ते स्लाव्ह लोकांचं स्वतःचं नाव आहे, इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग पोलिश पद्धतीने उचललं म्हणून विचित्र दिसतं.

शंकासुर
मूळगावकर, ऐकायला गोड आहे. पण 'शाह'चा 'चेक' होतो कसा? श चा च, ह चा क, आ चा ए. असं चालवून घ्यायचं ठरवलं तर कुठल्याही शब्दाचा कुठलाही शब्द होईल. 'शहाळं'सुद्धा यातूनच आलं म्हणा उद्या.

मूळगावकर
शंका रास्त आहे. एका उडीत होत नाही, पायऱ्या आहेत.

शब्दाच्या शेवटी असा घशातला 'ह' लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडात नव्हता, त्याचा त्यांनी कडक 'क' केला. 'श' त्यांच्याकडे नव्हता, त्याचा 'स्क' केला. म्हणून स्काक. पुढे फ्रेंचांना सुरुवातीचं 'स्क' जड गेलं, म्हणून त्यांनी पुढे एक 'ए' लावला. आपल्याकडे उत्तरेतले लोक 'इस्कूल' आणि 'इस्टेशन' म्हणतात, अगदी तस्संच. फ्रेंचमध्ये स्कोला या लॅटिन शब्दाची एकोल होते आणि स्पॅनिशमध्ये एस्कुएला, तीही याच खोडीने. त्याच फ्रेंचमध्ये 'का'चा 'चे' होणं हाही नेहमीचा बदल आहे. इंग्रजीने मग पुढचा 'एस्' झटकून टाकला. उरला चेक.

प्रत्येक पायरीवर त्या भाषेतले आणखी शब्द असेच बदललेले दाखवता येतात. शहाळ्याचं तसं दाखवता येत नाही.

हायडलबर्गकर
शंकासुर, शेजारच्या भाषा बघितल्या की पटेल. आमच्याकडे जर्मनीत बुद्धिबळाला 'शाख' म्हणतात आणि राजावर मारा आला तरी शब्द तोच, 'शाख'. खेळ आणि शह यांना एकच शब्द! डच लोक 'स्खाक' म्हणतात, इटालियन 'स्काक्को'. रशियनमध्ये तर अख्ख्या खेळाचं नाव 'शाखमाती', म्हणजे शाह आणि मात दोन्ही घातलेत. फ्रेंचमध्ये 'एशेक' म्हणजे अपयशसुद्धा. परीक्षेत नापास झालात तरी एशेक.

माझी मुलगी इथल्या क्लबात खेळते. पहिल्याच दिवशी तिने घरी शिकल्याप्रमाणे "शह!" म्हटलं आणि समोरच्या पोराला ते बिनबोभाट समजलं. त्याला वाटलं हिचं जर्मन जरा कच्चं आहे.

अडीचघर
हायडलबर्गकर, मस्त किस्सा! पण स्पर्धेत आता शह तोंडाने सांगायची गरज नसते, उलट मोठ्या स्पर्धांत तसं बोलणं बरं दिसत नाही. ज्या ओरड्यावरून अर्ध्या युरोपने खेळाला नाव दिलं, तो ओरडाच बंद पडला. लहानपणी आमच्या वाड्यात तर शह दिला की चौकापर्यंत ऐकू जायचा.

पणजीचा_पोदेर
सगळ्या युरोपने ओरडाच उचलला असं नाही. पोर्तुगीजमध्ये खेळ म्हणजे 'शाद्रेस', स्पॅनिशमध्ये 'आखेद्रेस'. दोन्ही सरळ शतरंजवरून, म्हणजे चतुरंगवरून. अरबांचं राज्य तिथे शेकडो वर्षं होतं, त्यामुळे नाव थेट मिळालं असावं. शह मात्र पोर्तुगीजमध्येही 'शेके'. आणि बँकेचा चेकही 'शेके', फक्त स्पेलिंग निराळं. ब्राझीलमध्ये चौकटीच्या शर्टालाही शाद्रेस म्हणतात.

टवाळ
मंडळी, सगळ्यात महत्त्वाचा शब्द विसरलात. चेकाळणे. आणि जो चेकाळतो तो लगेच माततो. चेक आणि मात! चेकमेट मराठी आहे हे सिद्ध झालं, धागा बंद करा.

रेवाकाठ
टवाळ, कोपरापासून नमस्कार.

शंकासुर
टवाळांचा पुरावा मूळगावकरांपेक्षा भक्कम वाटतोय.

सदूभाऊ_निवृत्त
आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे चेकवर चार शब्द बोलायचा हक्क बजावतो.

इंग्लंडात ज्याला आपण चेक म्हणतो तो कागद सतराव्या शतकापासून होता, पण तेव्हा त्याचं नाव चेक नव्हतं. 'चेक' हे नाव आधी कागदाच्या दुसऱ्या अर्ध्याला होतं, म्हणजे काउंटरफॉइलला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी बिलांना अशी काउंटरफॉइलं असायची. उद्या कोणी खोटं बिल घेऊन आला, आकडा खोडून वाढवला, तर आपल्याकडच्या तुकड्याशी ते ताडून बघायचं आणि त्याला जागच्या जागी अडवायचं. अडवतो म्हणून चेक. पुढे तसं काउंटरफॉइल असलेल्या कागदालाच चेक म्हणू लागले.

स्पेलिंगचा घोळ नंतरचा. अमेरिकेने साधं check हे स्पेलिंग ठेवलं. इंग्लंडात दोन्ही तिन्ही चालायची. जेम्स विल्यम गिल्बार्ट नावाच्या बँकरने १८२८ च्या सुमारास कारण देऊन सांगितलं की मी क्यूवालं cheque हे स्पेलिंग वापरतो, कारण त्यात संदिग्धता नाही आणि ते सरकारी खजिन्याच्या 'एक्सचेकर' या नावाशी जुळतं. आपल्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात तेच क्यूवालं आहे. चेक न वटण्याचं सुप्रसिद्ध कलम १३८ मात्र मूळ कायद्यात नव्हतं, ते १९८८ च्या दुरुस्तीने आलं.

आणि हो, काउंटरफॉइल भरत जा. आमच्या शाखेत एक गृहस्थ कोरी काउंटरफॉइलं घेऊन भांडायला यायचे, "माझा चेक कोणी वटवला?" म्हणून. त्यांचाच असायचा. तारीख, नाव, रक्कम, तीन गोष्टी लिहायला पाच सेकंद लागत नाहीत.

शुद्धलेखनचिकित्सक
धनादेश. काउंटरफॉइलला स्थळप्रत. दोन्ही शब्द उपलब्ध असताना हा अट्टहास कशाला?

टवाळ
धनादेश धनादेशला का? हे वाक्य म्हणून दाखवा.

शुद्धलेखनचिकित्सक
"धनादेश तपासला का?" यात कठीण काय आहे? तपासणे, पडताळणे, ताडून पाहणे, खातरजमा करणे, ताळा घेणे. पाच शब्द मोडीत काढून तुम्ही एक 'चेक करणे' आणलंत. सदूभाऊंनी वर स्वतःच 'ताडून बघायचं' लिहिलंय, आपोआप आलं ना?

सदूभाऊ_निवृत्त
आलं खरं. पण काउंटरवर 'धनादेश' म्हणणारा ग्राहक आला की आम्ही समजायचो, हा माणूस आता तक्रारवही मागणार.

खजूरवाला
दुबईहून रामराम. मूळगावकर आणि सदूभाऊ, तुम्ही 'सक्क' फारच पटकन गुंडाळलंत. अरबी व्यापारात सक्क म्हणजे पैसे देण्याचा लेखी हुकूम, आणि ही आठव्या-नवव्या शतकापासूनची गोष्ट आहे. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल लिहितो की सहाराच्या टोकाला औदाघुस्त नावाच्या गावी त्याने ४२,००० दिनारांचा सक्क पाहिला. त्या काळात वाळवंटापार ४२,००० दिनारांचा कागद! युरोपात तेव्हा काय होतं? शब्द सारखा, वस्तू तीच, व्यापारी संबंध होतेच. मग बुद्धिबळाचा वळसा कशाला?

मूळगावकर
खजूरवाला, वस्तूचं श्रेय तुमचंच, त्यात वाद नाही. पैशाऐवजी कागद पाठवणं अरबांनी इंग्रजांच्या कितीतरी आधी केलं. आपल्याकडे हुंड्या होत्याच, नरसी मेहत्याच्या हुंडीची गोष्ट कीर्तनात ऐकली नाही असा माणूस विरळा.

पण वस्तूचा प्रवास आणि शब्दाचा प्रवास एकाच गाडीने होतो असं नाही. सक्क हा शब्द इंग्रजीत शिरला असता तर वाटेत कुठेतरी दिसायला हवा होता. इटालियन सावकारांच्या वह्यांत, स्पॅनिश कागदांत, त्या अर्थाने. तसा तो दिसत नाही. उलट इंग्रजी 'चेक' इंग्लंडातच डोळ्यांदेखत बदलत जातो. आधी शह, मग अडथळा, मग लगाम, मग ताडून बघायचा तुकडा, मग बँकेचा कागद. इतका सलग माग असताना दुसरा बाप शोधायची गरज नाही.

खजूरवाला
लेखी पुरावा मिळाला नाही म्हणजे बोलण्यात शब्द नव्हताच असं होत नाही. बंदरांवर काय बोलत होते ते कोणी लिहून ठेवलंय? तरी तुमचं पारडं जड आहे, एवढं देतो.

टेम्सकाठ
सदूभाऊंनी एक्सचेकरचा उल्लेख ओझरता केला. खरी गंमत तिथेच आहे, म्हणून जरा लांबण लावते.

ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात. हे एक्सचेकर म्हणजे अक्षरशः बुद्धिबळाचा पट. बाराव्या शतकात राजाचा हिशेब एका टेबलावर व्हायचा. रिचर्ड फिट्झनील हा दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार. त्याने ११७७ च्या सुमारास या कचेरीच्या कामकाजाचं वर्णन लिहायला घेतलं, गुरुशिष्य संवादासारखं. टेबल साधारण १० फूट लांब, ५ फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वरचं काही घरंगळून पडू नये. त्यावर काळं कापड, आणि कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतराने आखलेल्या रेषा.

कशाला? तर आकडेमोड करायला. तेव्हा त्यांच्याकडे रोमन आकडे होते. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी मांडून बघा, रडकुंडीला याल. शून्य नव्हतं, स्थानिक किंमत नव्हती. म्हणून कापडावर रकाने: उजवीकडून पेन्स, मग शिलिंग, मग पौंड, मग वीस-वीस पौंड, शंभर, हजार. त्या रकान्यांत नाण्यांसारख्या चकत्या ठेवायच्या आणि सरकवायच्या. परगण्याचा शेरीफ, म्हणजे आपल्या भाषेत मामलेदार म्हणा, वर्षाचा वसूल घेऊन यायचा. किती येणं होतं ते एका ओळीत, किती भरलं ते खालच्या ओळीत. उरलेली थकबाकी सगळ्यांसमोर उघडी पडायची. फिट्झनील स्वतःच म्हणतो की हे बुद्धिबळासारखं आहे, लढाई खजिनदार आणि शेरीफ यांच्यात.

भरलेल्या पैशाची पावती म्हणजे लाकडाची काठी. रकमेप्रमाणे तिच्यावर खाचा पाडायच्या, जेवढी रक्कम मोठी तेवढी खाच रुंद. मग काठी उभी चिरून दोन तुकडे, एक याच्याकडे, एक त्याच्याकडे. हिशेबाला दोन्ही जुळवून बघायचे. खाचा जुळल्या नाहीत की चोरी पकडली. सदूभाऊंच्या काउंटरफॉइलचे हे पणजोबा. या काठ्या एकोणिसाव्या शतकापर्यंत होत्या. बंद झाल्यावर त्यांचे ढीग उरले, ते १६ ऑक्टोबर १८३४ ला पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घेतले, आणि भट्टी इतकी तापली की पार्लमेंटच जळून गेलं.

अडीचघर
जुन्या पावत्या टाकायच्या आधी चेक कराव्यात तर!

सदूभाऊ_निवृत्त
टेम्सकाठ, सुरेख. रेकॉर्ड वेळेवर नष्ट करा म्हणून आम्हाला सर्क्युलर यायचं. हे आधी माहीत असतं तर उत्तर पाठवलं असतं.

रेवाकाठ
टेम्सकाठ, नावं जुळतात म्हणून हक्काने म्हणते, यावर वेगळा लेख लिहाच. वाचनखूण साठवली.

कोकणकडा
'मात' वर कोणीच बोललं नाही. 'शाह मात' म्हणजे 'राजा मेला' असं लहानपणापासून ऐकतोय. अरबी 'माता' म्हणजे मेला. बरोबर ना?

मूळगावकर
फार लोकप्रिय आहे, पण बहुतेक जाणकार आता तसं मानत नाहीत. पटावर राजा मरत नाही, हेच तर या खेळाचं वैशिष्ट्य. तो अडकतो, जायला घर उरत नाही, तिथे डाव संपतो. फारसीत 'मात' म्हणजे गोंधळून खिळलेला, हतबल. तोच अर्थ डावाला बसतो. अरबांनी आपल्या भाषेतला 'मेला' त्यात ऐकला आणि तो अर्थ जगभर गेला.

मराठीत 'मात करणे' इतकं मुरलंय की त्यामागे पट आहे हे आपल्याला जाणवतही नाही. 'आजारावर मात' लिहिताना कोणाच्या डोळ्यांसमोर राजा येतो? शह-काटशह मात्र अजून खेळाचे वाटतात. इंग्रज 'चेक' म्हणतो तेव्हा त्याला शाह दिसत नाही. आपल्याकडे 'शह' जवळजवळ जसाच्या तसा आहे, बँकेच्या चेकचा चुलतभाऊ आपल्याच शब्दकोशात.

अडीचघर
२०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम फेरीतल्या कोनेरू हंपीबद्दल 'हंपीवर मात' हे अगदी शब्दशः खरं होतं. एरवी क्रिकेटवाले हा शब्द फुकट वापरतात.

टवाळ
मग आमच्या सोसायटीतले शहा काकाही राजघराण्यातले? आणि 'शहाणा' म्हणजे राजासारखा डोकेबाज?

मूळगावकर
दोन्हीला नाही. 'शहाणा' हा 'सज्ञान'चा वंशज, हिंदीतला 'सयाना' त्याचा भाऊ. आणि व्यापाऱ्यांमधलं 'शहा' हे आडनाव फारसी शाहचं नसून संस्कृत 'साधु'चं, साहू-साह असं येत आलेलं. चोर-साव मधला साव तोच, सावकारही तोच. शहा काका राजे नसले तरी साव नक्की आहेत.

कोकणकडा
मग शाहू आणि शहाजी? एकाच घराण्यातली नावं.

टेम्सकाठ
परंपरेने सांगितलेल्या कथा खऱ्या धरल्या तर दोन्हींचं मूळ वेगळं निघतं! मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी. हा फारसी शाह. शाहूंचं नाव मात्र मुघल छावणीत 'साव' म्हणून पडलं अशी जुनी कथा आहे. म्हणजे तो साधु. आजोबांच्या वडिलांच्या नावात राजा, पणतवाच्या नावात साव.

बोरकूट
आणि शाहीर? (सतरंजीवरूनच विचारतोय.)

मूळगावकर
शाहीर अरबी 'शायर'वरून. शाहशी संबंध नाही.

नाणेघाट
उशिरा आलो. मूळगावकर 'शाह'पाशी थांबले, त्याच्या मागेही जाता येतं आणि ती वाट थेट आपल्या सह्याद्रीत येते.

जुन्या फारसीत राजाला 'ख्शायथिय' म्हणत. इराणच्या दारयवहू (डरायस) राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर कोरून घेतलेल्या लेखात स्वतःला राजांचा राजा म्हणवलंय तेव्हा हाच शब्द आहे. तो झिजत झिजत 'शाह' झाला. यातलं 'ख्श' म्हणजे आपला 'क्ष'. संस्कृत 'क्षत्र' म्हणजे सत्ता, त्यावरून क्षत्रिय, आणि इराणी बाजूने 'क्षत्रप', म्हणजे राज्य सांभाळणारा सुभेदार. नहपान क्षत्रप आठवतो ना? गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवलं आणि त्याच्या नाण्यांवर आपला ठसा मारला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातली बरीचशी अशी दुबार ठसा मारलेली. एका नाण्यावर दोन राजे, खाली नहपानाचा चेहरा, वर सातवाहनांची चिन्हं. नीट निरखलं तर खालचं नाक अजून दिसतं.

आणखी एक. 'शहर' हा शब्दसुद्धा इराणी 'ख्शथ्र'वरून, म्हणजे क्षत्रच. आधी अर्थ राज्य, मग नगर. तेव्हा 'शहरात जाऊन चेक वटवून आलो' या वाक्यात एकच धातू दोनदा येतो.

शंकासुर
नाणेघाट यांच्यापुढे शस्त्रं खाली ठेवतो. आता 'शहाळं' राहिलंच.

मी_शिंपी
बोरकूट पहिल्या दिवसापासून सतरंजीवर बसलेत आणि कोणाच्या लक्षात आलं नाही! सतरंजी म्हणजेच शतरंजी. पटासारख्या चौकटी विणलेलं जाड सुती कापड, ते अंथरायचं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कापडाचा धंदा, आजोबा दुकानाच्या वहीत 'शत्रंजी' असंच लिहायचे. हल्ली पट्ट्यापट्ट्यांच्या येतात म्हणून चौकटी विसरल्या गेल्या. म्हणजे इंग्रजाने पटावरून शर्टाच्या कापडाला नाव दिलं आणि आपण अंथरायच्या.

शुद्धलेखनचिकित्सक
सतरंजी ही सप्तरंगी. सात रंगांची.

मी_शिंपी
सात रंगांची सतरंजी दाखवा, फुकट देतो. दोन रंगांच्या वर तिसरा रंग आला की गिऱ्हाईक भाव पाडायला लागतं. आणि 'रंगी'चं 'रंजी' कुठे होतं? नारिंगीची नारिंजी झाली का?

बोरकूट
मी काही न करता धाग्यात सर्वात मोलाची भर घातली याची नोंद घ्यावी. उठत नाही आता.

गुळपोळी
दोन दिवसांत धागा कुठे पोचला! 'सक्क'वाल्याला दुवा पाठवला. तो म्हणतो, खजूरवाला माझा माणूस.

एक गोष्ट अजून नीट पचली नाही. 'चेक कर' मधला 'तपास' हा अर्थ. शह म्हणजे हल्ला, त्यातून तपासणं कसं निघालं? सदूभाऊंचं काउंटरफॉइल एवढंच कारण?

टेम्सकाठ
तेवढंच नाही, पण दिशा तीच. शह मिळाला की तुम्हाला हवी ती चाल करता येत नाही, आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून 'चेक' म्हणजे आधी अचानक आलेली अडवणूक, मग लगाम, मग कोणावर तरी ठेवलेला अंकुश. हिशेबनिसावर अंकुश कसा ठेवतात? दुसऱ्या वहीशी ताडून. इथे लगामाचा तपास झाला. अमेरिकी राज्यघटनेबद्दल बोलताना 'चेक्स अँड बॅलन्सेस' म्हणतात त्यात अजून जुना अर्थ आहे, तिथे तपासणी नाही, लगाम आहे. आपला चेकनाका दोन्ही करतो, आधी अडवतो आणि मग तपासतो.

कोकणकडा
आणि तिसरं काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे.

पणजीचा_पोदेर
अवांतर. प्यादं म्हणजे इंग्रजीत 'पॉन'. आणि दागिने गहाण ठेवतात तेही 'पॉन'. हे एकच?

मूळगावकर
नाही, ते दोन वेगळे शब्द. गहाणाचा पॉन जुन्या फ्रेंच 'पान'वरून, म्हणजे तारण. प्याद्याचा पॉन लॅटिन 'पेदो'वरून, पायी चालणारा शिपाई. 'पेद' म्हणजे पाय. फारसी प्यादा, आपलं पायदळ, संस्कृत पद, सगळ्यांचं मूळ एकच. इथे मात्र युरोपने अरबांकडून शब्द घेतला नाही, स्वतःचा वापरला, आणि तो नेमका आपल्याच नात्यातला निघाला.

पणजीचा_पोदेर
मग एक भर घालतो. पोर्तुगीजमध्ये प्याद्याला 'पिआंव' म्हणतात, पायी चालणारा. पोर्तुगीज इथे आले तेव्हा निरोप घेऊन पायी धावणाऱ्या हरकाम्यालाही तेच म्हणायचे. इंग्रजांनी तो शब्द उचलला. आपल्या सरकारी कचेरीत साहेबाच्या केबिनबाहेर स्टुलावर बसणारा 'प्यून' तो हाच.

सदूभाऊ_निवृत्त
आणि मराठीत त्यालाच शिपाई. म्हणजे दोन्हीकडे सैनिकाला स्टुलावर बसवलं.

टवाळ
आमच्या ऑफिसात प्यून सरळ चालतो आणि तिरकं मारतो. साहेब एका वेळी एकच घर हलतो. बाकी नियम चेक करून सांगतो.